क्रॉनिकलिंग अमेरिका: जुन्या पेपरांची फुकट साईट, आणि तिथे भेटलेला फुटबॉल कोच जो नंतर जंगलांचा वकील झाला

जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांची क्रॉनिकलिंग अमेरिका ही साईट मी बरेच दिवस वापरतेय आणि मराठीत तिच्याबद्दल कोणी नीट सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा रिव्ह्यू. नुसतं "छान आहे, वापरा" म्हणून काही कळत नाही, म्हणून मी एकच माणूस धरून सांगते, जॉर्ज वॉशिंग्टन वुड्रफ. हा १८९० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या (थोडक्यात पेन) फुटबॉल टीमचा कोच होता, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात बॉल घेऊन धडका मारतात ते, आणि नंतर वकील झाला, मग सरकारी वकील, मग जज, मग पेनसिल्व्हेनिया राज्याचा ॲटर्नी जनरल. एवढं सगळं एका माणसाने केलं आणि आज त्याचं नाव फुटबॉलच्या आकड्यांपलीकडे फारसं कोणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी साईटबद्दल. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या दोघांचा हा एकत्र प्रकल्प, साईट सुरू झाली २००७ मध्ये, राज्याराज्यातल्या संस्थांनी आपापल्याकडचे पेपर स्कॅन करून दिलेत आणि आता दोन कोटींच्या वर पानं तिथे आहेत, १७५६ पासून १९६३ पर्यंतची. पैसे लागत नाहीत, अकाउंट लागत नाही, जाहिराती नाहीत. पान उघडा, हवं तेवढं झूम करा, पीडीएफ उतरवून घ्या, शोधलेला शब्द पानावर रंगवून दाखवतात त्यामुळे सात कॉलमच्या बारीक अक्षरांत डोळे फोडायची गरज नाही. याआधी मी अशीच एक पैसे घेणारी साईट वापरून पाहिली होती, नाव घेत नाही, तिथे कार्डाचा नंबर दिल्याशिवाय पान धूसरच दिसायचं आणि सबस्क्रिप्शन बंद करायला मेलामागून मेल करावे लागले. त्या अनुभवानंतर इथे पहिलं पान एका क्लिकवर पूर्ण उघडलं तेव्हा बरं वाटलं.

आता वुड्रफ. जन्म १८६४, पेनसिल्व्हेनियातलं डिमॉक नावाचं छोटं गाव. येलमध्ये शिकला, १८८५ ते १८८८ चार सीझन खेळला, आणि १८८८ ची ती येलची टीम म्हणजे काय टीम होती, १३ मॅच, १३ जिंकल्या, ६९८ पॉइंट केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. वॉल्टर कॅम्प कोच, सोबत स्टॅग, हेफेलफिंगर, कॉर्बिन, म्हणजे पुढे या खेळाचा इतिहास ज्यांच्या नावाने सांगितला जातो ती सगळी पोरं एका मैदानावर. १८९२ ला वुड्रफ फिलाडेल्फियाला आला ते कोच म्हणून आणि कायदा शिकायला, दोन्ही एकदमच, १८९५ ला लॉची डिग्री घेतली आणि त्याच १८९५ ला त्याच्या टीमने १४ पैकी १४ मॅच जिंकल्या. हे दोन वाक्य मी परत परत वाचलेत. लॉची शेवटची परीक्षा आणि न हरलेला सीझन एकाच वर्षात.

दहा सीझनचा हिशोब १२४ विजय, १५ पराभव, २ बरोबरी. आकड्यांच्या साईटवर एवढं मिळतं आणि तिथेच थांबतं. खाली इलिनॉय १९०३, कार्लाइल १९०५ अशा दोन ओळी, मग हॉल ऑफ फेम, संपलं. १९०५ नंतर तो माणूस जणू गायबच झाला. वर्तमानपत्राला मात्र विषयांचे कप्पे नसतात, ज्या कागदावर मॅचचा स्कोअर छापलाय त्याच कागदावर दुसऱ्या कॉलमात सरकारी नेमणुका आणि कोर्टाच्या बातम्या असतात, म्हणून अशा दोन आयुष्यं जगलेल्या माणसासाठी पेपरांची साईटच लागते, खेळाची डेटाबेस पुरत नाही. माझा या साईटबद्दलचा मुख्य मुद्दा हाच.

पण शोधायचं कसं ते जरा शिकावं लागतं. सर्च बॉक्समध्ये नुसतं वुड्रफ टाकलं आणि १८९२ ते १९०१ अशी वर्षं दिली की महापूर येतो, कारण त्याच काळात विल्फर्ड वुड्रफ हे युटामधल्या मॉर्मन चर्चचे अध्यक्ष होते, १८९८ ला वारले, आणि युटाचे पेपर इथे भरपूर आहेत. शिवाय टिमथी वुड्रफ म्हणून एक न्यूयॉर्कचे लेफ्टनंट गव्हर्नर होते १८९७ पासून, त्यांच्याही बातम्यांचा ढीग. बरं पूर्ण नाव टाकावं तर जॉर्ज वॉशिंग्टन हे नाव अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक पेपरात रोज कुठे ना कुठे असतंच. त्यात पेनच्याच टीममध्ये वायली वुड्रफ नावाचा एक जबरदस्त गार्ड खेळत होता, म्हणजे कोच वुड्रफ आणि खेळाडू वुड्रफ एकाच बातमीत. त्यामुळे मी वाक्प्रचार शोधायचा पर्याय वापरते, शब्द एकत्र त्याच क्रमाने हवेत असं सांगायचं, "कोच वुड्रफ" एकदा, मग "गार्ड्स बॅक" एकदा, महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर, राज्य न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनिया. एवढं केलं की महापूर ओसरतो आणि कामाचं हाताला लागतं. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाकायचं.

गार्ड्स बॅक म्हणजे वुड्रफने काढलेली चाल. त्या काळी फॉरवर्ड पास नव्हता, म्हणजे बॉल पुढे फेकता येत नव्हता, तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, मग काय तर गर्दीने धडका मारायच्या. वुड्रफने काय केलं तर पुढच्या रांगेतले दोन धिप्पाड गार्ड मागे आणून उभे केले आणि बॉलवाल्याच्या पुढे त्यांना सोडलं, समोरच्या एका जागेवर सगळं वजन एकदम आदळायचं. शिवाय डिलेड पास, म्हणजे बॉल लगेच न देता जरा थांबून द्यायचा, आणि क्वार्टरबॅकने मारायची किक, या चालींचं श्रेय पण त्याला देतात. त्या काळच्या बातम्या वाचताना एक गोष्ट जाणवते की रिपोर्टर एकेक डाव लिहायचे, कोण कुठून घुसला, किती यार्ड, कोण लंगडत बाहेर गेला. आज व्हिडिओ आहे म्हणून कोणी एवढं लिहीत नाही. त्या मॅचचं फिल्म नाही, काही नाही, पण बातमी वाचून कागदावर रेघा मारत गेलं तर चाल समजते, मी हे केलंय आणि तासन्तास त्यात गेलेत.

आता ज्या मॅचसाठी मी हा सगळा खटाटोप केला ती. पेनने १८९४ पासून सलग ३४ मॅच जिंकल्या होत्या आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्याच फ्रँकलिन फील्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, लाफायेट नावाच्या छोट्याशा कॉलेजने त्यांना ६-४ हरवलं. हा स्कोअर आजच्या माणसाला विचित्र वाटेल म्हणून सांगते, तेव्हा टचडाउनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, चार पॉइंट होते आणि त्यानंतर किक मारून केलेल्या गोलला दोन, म्हणजे दोघांनी एकेक टचडाउन केला, लाफायेटचा नंतरचा गोल बसला आणि पेनचा बसला नाही. दोन पॉइंटांनी ३४ मॅचची माळ तुटली.

आणि लाफायेटचा कोच कोण, तर पार्क डेव्हिस. प्रिन्स्टनचा माणूस, विस्कॉन्सिन आणि अ‍ॅमहर्स्टला कोचिंग करून लाफायेटला आलेला, आणि हाही पुढे वकील झाला, लाफायेट ज्या ईस्टन गावात आहे तिथेच वकिली केली, नॉर्थॅम्प्टन काउंटीचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी झाला. म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेला एकेक भावी वकील उभा. पण अजून आहे. डेव्हिसने या मॅचसाठी फील्डिंग योस्ट नावाचा एक टॅकल, म्हणजे पुढच्या रांगेतला खेळाडू, खेळवला, जो वेस्ट व्हर्जिनियात कायदा शिकत होता, सीझनच्या मध्येच लाफायेटला आला, पेनविरुद्ध खेळला आणि मग परत आपल्या लॉ स्कूलला जाऊन १८९७ ला डिग्री घेतली. हाच योस्ट १९०१ पासून मिशिगनचा मोठा कोच झाला. तेव्हा कोण विद्यार्थी, कोण कुठल्या कॉलेजचा याचे नियम इतके ढिले होते की हे चालून जायचं. मला मात्र हे पटत नाही, तो काळ तसा होता म्हणून सोडून द्यावं असं वाटत नाही, वुड्रफच्या पोरांनी तीन वर्षं घाम गाळून उभी केलेली माळ अशी तुटायला नको होती.

या एका मॅचवर वेगवेगळ्या शहरांतले पेपर शेजारी शेजारी उघडून वाचता येतात ही या साईटची ताकद. न्यूयॉर्कचे द सन आणि ट्रिब्यून आहेत, स्क्रँटन ट्रिब्यून आहे, जो वुड्रफच्या जन्मगावापासून जवळच्याच शहराचा. तोच स्कोअर, पण कोणाला कशाचं कौतुक, कोणाला कशाचा राग, हे गावागणिक बदलतं. त्यानंतर पेनने परत सलग ३१ मॅच जिंकल्या आणि १८९८ ला हार्वर्डने १०-० ने थांबवलं. १८९४ ते १८९८ पाच सीझन, पराभव फक्त दोन. १९०१ ला मात्र पाच मॅच हरले आणि वुड्रफचा पेनमधला काळ संपला.

आता त्याचं दुसरं आयुष्य, आणि मला विचाराल तर हेच जास्त मोठं. येलमध्ये त्याच्याच १८८९ च्या बॅचला गिफर्ड पिंशो होता, अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला मोठा माणूस. १९०५ ला सगळी राखीव जंगलं पिंशोच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आली आणि वुड्रफ त्या खात्याचा मुख्य कायदा अधिकारी झाला. त्याच १९०५ च्या हिवाळ्याआधी तो कार्लाइलच्या टीमचा कोच पण होता, हे कार्लाइल म्हणजे पेनसिल्व्हेनियातली मूळ अमेरिकन मुलांसाठी सरकारने काढलेली शाळा, मुलांना घरापासून, भाषेपासून तोडून तिथे ठेवायचे, आणि ती मुलं मोठमोठ्या कॉलेजांना मैदानात घाम फोडायची. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाईट हाऊसला बोलावलं होतं की बाबांनो हा खेळ फार जीवघेणा झालाय, सुधारा. १९०६ ला नियम बदलले, दहा यार्ड आले, फॉरवर्ड पास आला, आणि धडकांच्या जुन्या चालींचे दिवस भरत आले. म्हणजे वुड्रफची कोच म्हणून केलेली कमाई नियमाबाहेर जात होती तेव्हा तो स्वतः त्याच रूझवेल्टच्या सरकारसाठी कायद्याचे मसुदे करत होता.

१९०६ पासून राखीव जंगलात गुरं चारायला फी लागू झाली आणि पश्चिमेकडच्या राज्यांत बोंबाबोंब झाली. कोलोरॅडो, वायोमिंग तिकडच्या पेपरांत वाचत बसावं इतका मजकूर आहे, १९०७ ला डेन्व्हरला तर या जमिनींच्या धोरणाविरुद्ध मोठी परिषदच भरली होती. १९०७ ला काँग्रेसने सहा राज्यांत नवी राखीव जंगलं करायला बंदी घातली, आणि रूझवेल्टने त्या बिलावर सही करायच्या आधी जवळपास १ कोटी ६० लाख एकर राखीव करून टाकलं. त्याच वर्षी वुड्रफ सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याकडे असिस्टंट ॲटर्नी जनरल म्हणून गेला, खात्याचा मंत्री जेम्स गारफिल्डच्या हाताखाली, आणि नद्यांवरच्या वीज निर्मितीच्या जागा खासगी कंपन्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून सरकारने त्या रोखून धरल्या, त्यामागचं कायद्याचं काम याच ऑफिसातलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, कायद्याने जे स्पष्ट मना केलेलं नाही ते लोकांच्या जमिनीच्या राखणीसाठी सरकार करू शकतं. तो तिथून गेल्यावर १९११ ला सुप्रीम कोर्टाने ग्रिमॉड आणि लाइट अशा दोन खटल्यांत चराईचे नियम उचलून धरले. एक कॅलिफोर्नियातल्या मेंढ्यांचा, दुसरा कोलोरॅडोतल्या गुरांचा. आज अमेरिकेत जी राष्ट्रीय जंगलं आहेत ती या असल्या रुक्ष कागदपत्रांवर उभी आहेत आणि ते कागद लिहिणाऱ्यांत एक माणूस गार्ड्स बॅकवाला होता, हे कोणी शाळेत शिकवत नसेल पण शिकवायला हवं.

हा काळ शोधायला वॉशिंग्टनचा इव्हनिंग स्टार सगळ्यात उपयोगी, अगदी पुढच्या दशकांपर्यंत तो पेपर इथे आहे. "कोच" शब्द टाकून द्यायचा आणि "असिस्टंट ॲटर्नी जनरल वुड्रफ" असं शोधायचं. मग १९०९ ला परत शब्द बदलायचा, "जज वुड्रफ", आणि राज्याच्या जागी हवाई निवडायचं, कारण तो हवाईला फेडरल जज म्हणून गेला, तेही सॅनफर्ड डोलच्या जोडीला, जो आधी हवाई प्रजासत्ताकाचा अध्यक्ष होता. होनोलुलूचे हवाईयन गॅझेट आणि इव्हनिंग बुलेटिन या साईटवर आहेत आणि स्कॅन सुंदर आहेत. वर्षभरातच तो तिथून परतला. इकडे जानेवारी १९१० मध्ये नव्या राष्ट्राध्यक्ष टॅफ्टने पिंशोलाच काढून टाकलं, इंटिरिअर खात्याचा नवा मंत्री बॅलिंजर याच्याशी झालेल्या भांडणात. मग १९२३ ला पिंशो पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर झाला आणि त्याने ॲटर्नी जनरल म्हणून कोणाला आणलं, तर आपल्या जुन्या वुड्रफला, १९२७ पर्यंत. येलपासूनची ती दोस्ती अशी टिकली. १९३४ ला वुड्रफ गेला, पार्क डेव्हिसही त्याच वर्षी गेला. हॉल ऑफ फेममध्ये वुड्रफचं नाव आलं ते १९६३ ला.

साईटच्या मर्यादा पण सांगते. सगळे पेपर इथे नाहीत, कुठल्या राज्याने काय दिलं त्यावर आहे, त्यामुळे एखाद्या गावाचं पन्नास वर्षांचं सलग मिळतं आणि शेजारच्या मोठ्या शहराचा काळच रिकामा. फिलाडेल्फियाचा जो पेपर इथे ठळक दिसतो तो इव्हनिंग पब्लिक लेजर सुरूच झाला १९१४ ला, तोवर वुड्रफचा फुटबॉल कधीच संपला होता, म्हणून पेनच्या मॅचसाठी न्यूयॉर्क आणि स्क्रँटनकडे जावं लागतं. दुसरं म्हणजे मजकूर मशीनने वाचलेला असतो, शाई पसरली असेल किंवा पान दुमडलं असेल तर नावातलं एक अक्षर बदलतं आणि सर्चमध्ये ती बातमी येतच नाही. यावर उपाय म्हणजे तारीख माहीत असेल तर सर्च सोडा आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशीचा अंक उघडून पानं चाळा. शनिवारी मॅच असायची, रविवारी अंक न काढणाऱ्या पेपरांत बातमी सोमवारी येते, हे लक्षात ठेवा नाहीतर बातमीच नाही असं वाटेल. मोबाईलवर पानं जड जातात, मोठी स्क्रीन घ्या.

इतिहास, वकिली, जंगलं, फुटबॉल यातलं काहीही आवडत असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फक्त रिकाम्या वर्षांसाठी. आता मी पार्क डेव्हिसच्या मागे लागलेय, १८६९ पासूनच्या सगळ्या चॅम्पियन टीमची यादी बसून करणारा हाच माणूस, आणि त्याच्यासाठी पहिला सर्च असा लावलाय, राज्य पेनसिल्व्हेनिया, शब्द "डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी डेव्हिस" आणि जोडीला ईस्टन, कारण नुसतं डेव्हिस टाकलं तर काय होईल ते वुड्रफने दाखवलंच आहे.